हत्यारांचा गंज : काढावा कसा, टाळावा कसा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लालबाग येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला व्याख्यानाविषयी विचारले तेव्हा विषय कोणता घ्यावा, याचा थोडा संकोच वाटला. या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, मुलींचे शिक्षण, लग्नकार्यातील खर्च अशा मोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी आयुष्यभर टूलरूममध्ये लेथपुढे उभा राहिलेला मनुष्य. मला कळते ते लोखंडातले, आणि त्यातही लोखंड बिघडते कसे, एवढेच नीट कळते. म्हणून आज मी गंजाविषयी बोलणार आहे.

विषय क्षुद्र वाटेल. परंतु या सभागृहात जी कुटुंबे बसली आहेत, त्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी पलंगाखाली, पोटमाळ्यावर किंवा गॅलरीतल्या खणात वडिलांची अथवा आजोबांची हत्यारांची पेटी असेल, आणि ती कित्येक वर्षांत कोणी उघडली नसेल, असे मी पैजेवर सांगतो. आपण स्वतःला विश्वकर्म्याचे पुत्र म्हणवतो, पांचाळांत लोखंडाचे काम आपल्या वाट्याला आले म्हणून अभिमान बाळगतो. आपले वाडवडील कोकणातला भाता आणि ऐरण सोडून या शहरात आले, ते परळच्या रेल्वे वर्कशॉपात, माझगावच्या गोदीत आणि गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यांत शिरले. त्यांची मुले आज बँकांत आणि संगणकाच्या कंपन्यांत आहेत. ते चांगलेच झाले, याविषयी माझी तक्रार नाही. मात्र चाळी पाडून टॉवर उभे राहू लागल्यापासून सामान आवरताना या पेट्या बाहेर निघतात, उघडल्यावर आत तांबडा भुगा दिसतो, आणि पेटी तशीच भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. त्यातली अर्धीअधिक हत्यारे चार दिवसांच्या मेहनतीने पुन्हा कामाला लागली असती. हे मी अंदाजाने बोलत नाही. अशा एका पेटीजवळ मी स्वतः बसलो आहे.

माझे वडील लालबागच्या एका कापडगिरणीत फिटर होते. जड हत्यारे गिरणीची असत. पण मापाची आणि नाजूक कामाची हत्यारे ते स्वतःची वापरीत आणि सागवानी पेटीत कुलूप लावून खात्यातच ठेवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्या दिवशी पेटी आतच राहिली. चार-आठ दिवसांत मिटेल असे सर्वांनाच वाटत होते. पेटी बाहेर नेण्याची चिठ्ठी मिळाली तोवर तिच्यावरून १९८२ चा आणि १९८३ चा असे दोन पावसाळे गेले होते. वडिलांनी ती खांद्यावरून खोलीवर आणली आणि चार दिवस तशीच ठेवली. खंडेनवमीला, पूजेसाठी म्हणून, उघडली.

आत पाणी शिरलेले नव्हते. पेटी वरून अगदी धड होती. तरीही कानशींचे दात तांबड्या पुटाखाली दिसेनासे झाले होते, गुण्याच्या पात्यावर डाग पडले होते, कंपासाचे पाय एकमेकांना चिकटले होते, आणि एक इंची मायक्रोमीटर फिरेना. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी आईकडे घासलेट मागितले.

ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना या मागणीचा अर्थ कळेल. घरात पगार नव्हता, स्टोव्ह रेशनच्या घासलेटावर चाले, आणि महिन्याचे घासलेट महिनाभर पुरवण्याची कसरत आईची होती. तिने एक बाटली काढून दिली. वडिलांनी एका पसरट डब्यात हत्यारे मांडून वर ती ओतली, आणि पुढचे आठ दिवस ते रोज संध्याकाळी एकेक हत्यार बाहेर काढून विटेच्या वस्त्रगाळ भुकटीने आणि चिंधीने घासीत बसत. मी त्या वेळी नुकताच कामाला लागलो होतो आणि मला सर्व येते असे मला वाटत होते. वडिलांचा वेळ वाचवावा म्हणून मी फरशी धुण्याचे तेजाब आणले आणि राहिलेल्या कानशी मोरीत त्यात बुडवल्या. गंज दहा मिनिटांत सुटला. मी खुशीत झोपलो. सकाळी पाहतो तो, शेजारच्या फळीवर वडिलांनी आठ दिवस खपून चकचकीत करून ठेवलेल्या प्रत्येक हत्यारावर पिवळट तांबूस पूट चढलेले! तेजाबाची वाफ रात्रभर त्या दहा बाय बाराच्या खोलीत हिंडली होती. वडिलांनी फळीकडे पाहिले आणि आईला म्हणाले, "अजून एक बाटली लागेल." तिने ती कोठून आणली, हे मी आजवर विचारलेले नाही.

म्हणून पहिली सूचना हीच, की घरात फरशीचे तेजाब हत्यारांना लावू नये. ते गंज काढते, धातूही खाते, आणि त्याची वाफ खोलीतल्या इतर लोखंडाला नवा गंज आणते. शिवाय कडक पाणी दिलेल्या पोलादात आम्लातून सुटलेला हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. पुढे एखाद्या दिवशी घाव बसताच छिन्नीचा तुकडा उडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बंद पेटीत, पाणी न शिरता, गंज आला कसा? शाळेतल्या तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आपल्या मुलांना ठाऊक आहे. कोरड्या हवेत खिळा गंजत नाही. उकळून हवा काढलेल्या, वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यातही गंजत नाही. हवा आणि पाणी दोन्ही मिळतात त्या नळीत गंजतो. परंतु हे पाणी डोळ्यांना दिसण्याइतके असावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि काम सुरू होते. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा त्याच्या कितीतरी वर असते.

त्यात समुद्राचे मीठ येते. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे भगिनींना सांगायला नको. त्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर थोडे मॅग्नेशियम क्लोराइड असते, आणि ते हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी पाणी ओढून घेऊ लागते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हेच मीठ असते. ते हत्यारावर बसले की जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही तेथे ओल राहते. गिरगाव चौपाटीकडे किंवा दादर-शिवाजी पार्ककडे खिडकी असलेल्या खोलीत हत्यार अधिक लवकर गंजते, ते यामुळे. आणि मीठ समुद्रातूनच यावे असेही नाही. ते आपल्या हातांच्या घामात असते. आमच्या टूलरूममध्ये दोन-तीन कारागीर असे होते, की त्यांनी हाताळलेल्या गेजवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे उमटत. बिचाऱ्यांचा दोष काही नव्हता, घामच तसा. स्लिप गेज म्हणूनच कोणी उघड्या हाताने उचलीत नसे. मऊ कातड्याने धरायचे आणि काम झाल्यावर पुसून व्हॅसलिनचा हात द्यायचा, अशी शिस्त होती.

वडिलांच्या पेटीत काय घडले ते आता उलगडेल. शेवटच्या पाळीला घामट हाताने हत्यारे आत गेली. ती खडखडू नयेत म्हणून मध्ये गिरणीतले सुताचे वेस्ट कोंबलेले होते. सुताने पावसाळ्याची ओल शोषली आणि ती धरून ठेवली. एकदा गंज आला की तोही स्पंजासारखा ओल धरतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर खालच्या धातूला झाकतो, तसे गंजाचे नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालून नवे लोखंड उघडे पडते. मायक्रोमीटरचा आटा अडकला तो या फुगण्यामुळे. त्याच पेटीत एक छिन्नी ग्रीस लावलेल्या फडक्यात गुंडाळलेली होती. तिला काहीही झालेले नव्हते.

येथे कोणी तरुण म्हणेल, की हायस्पीड स्टीलमध्ये क्रोमियम असते, मग ते का गंजावे? टर्नर मंडळींना अठरा-चार-एक हे आकडे पाठ असतात : टंगस्टन १८, क्रोमियम ४, व्हॅनेडियम १. पोलाद न गंजण्यासाठी क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागते. तेव्हा चार टक्क्यांवर विसंबू नये. दुसरे कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचे नाव काढील. आपल्या सभांत ते निघतेच. तो स्तंभ सुमारे १६०० वर्षे उभा आहे, आणि ज्या लोहारांनी तो घडवला त्यांच्यापुढे मीही हात जोडतो. पण त्याचे कारण कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले आहे : त्या लोखंडात फॉस्फरस पुष्कळ आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा घट्ट पापुद्रा बनला. आजच्या हत्यारी पोलादात फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण तो पोलाद ठिसूळ करतो. आपल्या पेटीतली कानस त्या स्तंभाची नात लागत नाही.

आता गंज काढण्याविषयी. प्रथम हत्यार उजेडात धरून पाहावे. नुसती तांबडी धूळ असेल तर घासलेट पुरे. घासलेट आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. टर्पेंटाइन किंवा मशिनचे पातळ तेलही चालते. रात्रभर भिजवून सकाळी जाड फडक्याने, मग बारीक एमरी पेपरला तेल लावून हलक्या हाताने घासावे. घासण्याची दिशा एकच ठेवावी. कानस तारेच्या ब्रशाने साफ करायची ती दातांच्या ओळीने, आडवी नव्हे, नाहीतर गंजाबरोबर दातांची धारही जाते.

पूट जाड असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड घ्यावे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पुरते. हत्यार पूर्ण बुडाले पाहिजे. अर्धे वर राहिले तर पाण्याच्या रेषेवर कायमचा चरा पडतो. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रश मारावा. दोन-तीन तासांत काम होते. रात्रभर ठेवून झोपू नये, हे मी कोणत्या अनुभवाने सांगतो ते आपण जाणताच. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि ताबडतोब पुसून गरम हवेत किंवा उन्हात वाळवून तेल लावावे. या शेवटच्या पाच मिनिटांत आळस केला तर डोळ्यांदेखत नवा तांबूस रंग चढतो.

घण, व्हाइस, ऐरणीसारख्या जड वस्तूंना विजेची पद्धत उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, पाच लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, आणि मोटारीच्या बॅटरीचा चार्जर. चार्जरची ऋण तार हत्याराला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला. तारा उलट लागल्या तर हत्यारच खाल्ले जाईल. पट्टी स्टेनलेसची कधीही घेऊ नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, क्लोरीन सुटतो. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम बंद खोलीत किंवा देवघरातल्या समईशेजारी करायचे नाही, आणि मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही. ज्याला विजेचे काम कळत नाही त्याने ते जाणत्याकडून करून घ्यावे.

जी वस्तू वापरायची नाही, पण आजोबांची म्हणून ठेवायची आहे, तिला घासून चांदीसारखी करू नये. सुटा गंज झाडून हिरड्याचा दाट काढा लावावा. हिरड्यातील तुरट अंश गंजाशी मिळून निळसर काळा होतो. हिराकस आणि हिरड्याची काळी शाई पूर्वी याच गुणावर बनत असे. वाळल्यावर मेण चोळावे. आणि एक विनंती : जुन्या हत्यारांवर कारागिराने ठोकलेली खूण असते, कधी आद्याक्षर, कधी नुसत्या दोन टिंब. ती कोणत्याही एमरीखाली जाऊ देऊ नका.

ड्रिलला तारेचे चाक लावून झटपट साफ करणाऱ्यांना एवढेच सांगतो, की छिन्नीच्या धारेवर निळा रंग दिसला की पाणी उतरले. आपल्या घरात हा रंग ओळखणारी माणसे अजून आहेत, त्यांना विचारा. मापाच्या हत्यारांना तर कोणताच उपाय पुरा पडत नाही. वडिलांचा मायक्रोमीटर पाचव्या दिवशी सुटला. त्यांनी तो जबरदस्तीने पिळला नाही, म्हणून आटा वाचला. पण तोंडाला बारीक खड्डे पडले होते. त्यांनी त्याच्या कमानीला काळा दोरा बांधला आणि मला म्हणाले, "ह्याच्यावर आता माप घेऊ नकोस." तो दोरा अजून तसाच आहे.

गंज टाळण्याच्या बाबतीत पुरुषांनी घरातल्या स्त्रियांकडे पाहावे, असे मला वाटते. विळी नारळ खवून झाला की पुसली जाते. लोखंडी तवा धुऊन चुलीवर सुकवतात आणि तेलाचा हात देतात. पुसणे, सुकवणे, तेल : याहून निराळे काही टूलरूममध्येही नव्हते. फरक तेलाचा. गोडेतेल तव्यावर तापून घट्ट थर बनते. हत्यारावर ते काही महिन्यांत चिकट राळ होऊन बसते. हत्यारांना खनिज तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिनच लावावे. बाजारातला डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत निघाला तो पाणी हटवण्यासाठी. ओले झालेले हत्यार सुकवायला तो उपयोगी, पण त्याचा पातळ थर मुंबईचा अख्खा पावसाळा काढीत नाही. पेटीत वर्तमानपत्र, सूत, कातडे घालू नये. कापराच्या वड्यांवर मी भरवसा ठेवीत नाही. व्हीसीआय नावाचा औषधी कागद मिळतो, तो नागदेवीकडे चौकशी केल्यास सापडेल. त्यात गुंडाळून पेटी घट्ट बंद ठेवल्यास चांगला गुण येतो. पूर्वी टूलरूमच्या कपाटात आम्ही पंधरा वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवीत असू. आतली हवा जरा गरम राहिली की तिची आर्द्रता उतरते. आता घरोघरी आलेल्या एलईडी दिव्याने हे काम होत नाही, त्याला तेवढी ऊबच नसते.

परंतु माझे मुख्य म्हणणे तिथीविषयी आहे. आपण हत्यारे काढतो ती खंडेनवमीला. ती येते आश्विनात, पाऊस सरल्यावर. म्हणजे चार महिने गंजाने आपले काम उरकल्यावर आपण झेंडूची फुले घेऊन पेटी उघडतो. पूजा खंडेनवमीलाच व्हावी, ती परंपरा मी बदलू पाहत नाही. माझे सांगणे एवढेच, की वर्षातून आणखी एकदा, मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअगोदर पेटी उघडावी. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हत्यारे घासलेटाने किंवा टर्पेंटाइनने पुसून त्यांवरचे मीठ आणि जुने तेल काढावे, ती उन्हात तापू द्यावीत, आणि ऊबदार असतानाच ग्रीसचा पातळ हात देऊन बंद करावीत. श्रावणात एकदा डोकावून पाहावे. १९८३ च्या त्या खंडेनवमीनंतर वडील हयात असेपर्यंत आमच्या घरी हा नेम चुकला नाही, आणि त्या पेटीवर पुन्हा गंज आला नाही. त्यांना गिरणीत परत बोलावणे आले नाही. त्या हत्यारांनी त्यांनी चाळीतल्या मोटरी, शिलाईयंत्रे, कुलपे दुरुस्त केली आणि माझ्या धाकट्या बहिणीची फी भरली.

सर्वांनी सर्व पेट्या जपाव्यात असा माझा आग्रह नाही. नव्या घरात जागा नसते, मुलांना आवड नसते, हे मी समजतो. तेव्हा चिटणीसांच्या परवानगीने एक विनंती करतो. मृगाच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या जागेत मी आणि माझे दोन निवृत्त सोबती बसणार आहोत. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी ती आहे त्या स्थितीत आणावी. जी हत्यारे घरी परत न्यायची असतील ती साफ करून देऊ आणि कशी ठेवायची ते दाखवू. जी नको असतील ती आपल्याच ज्ञातीतील आयटीआयला जाणाऱ्या मुलांना देऊ. यंदा अशी मुले आहेत, आणि त्यांना स्वतःची पहिली कानस आणि गुण्या हवा आहे. येताना जुने बनियन, दातांचे टाकाऊ ब्रश आणि रिकामे पसरट डबे आणावेत. किल्ली हरवलेली असली तरी पेटी आणावी. कुलूप उघडणारे आपल्यात पुष्कळ आहेत.